शिवी बीप केली, पण मूळ प्रश्न कुठे गेला?

एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: "नववीच्या वर्गात वादविवाद स्पर्धा घेतली. विषय होता गावातलं पाणी. दुसऱ्याच मिनिटाला एका मुलाने समोरच्याची लायकी काढली, त्याने उलट ह्याला गद्दार म्हटलं आणि सगळा वर्ग 'पन्नास खोके' म्हणून ओरडायला लागला. रागावले तर मुलं म्हणाली, बाई, टीव्हीवर रोज असंच बोलतात. पक्षांची ही शिवीगाळ माध्यमं दाखवतातच कशाला? कायदा काही करत नाही का? आणि पूर्वीचे नेते तरी असे बोलायचे का?"

बाई, मी पंचवीस वर्षं ह्याच कामात आहे. आधी तालुक्याचा वार्ताहर, मग दैनिकाचं डेस्क, मधली काही वर्षं वृत्तवाहिनीचं आउटपुट, म्हणजे बातम्या पडद्यावर आणणारा विभाग, आणि आता पुन्हा दैनिक. म्हणजे तुमच्या मुलांनी जे ऐकलं ते घरापर्यंत पोचवणाऱ्या साखळीतली एक कडी मी स्वतः होतो. तेव्हा तिऱ्हाइतासारखं नाही, जबाबदार माणूस म्हणूनच उत्तर देतो.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. स्पर्धेचा विषय पाणी होता, आणि दुसऱ्या मिनिटानंतर पाण्याबद्दल कुणी बोललंच नाही. मुलांच्या तोंडी वाईट शब्द बसतात ही काळजी खरीच आहे. पण मोठं होताना त्यातले बरेच शब्द सुटतातही. पाण्याचा विषय निघाला की समोरच्याची लायकी काढायची, ही सवय लागली तर ती सुटत नाही. बातम्यांच्या धंद्यातही नेमकं हेच होतं, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. शिवी आली की तिच्याआधी विचारलेला प्रश्न मरतो. आपण शिवीवर बीप लावतो आणि काम झालं असं समजतो.

एक उदाहरण घेतो, कारण त्या दोन दिवसांत मी डेस्कवर होतो. २३ ऑगस्ट २०२१. तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांची जनआशीर्वाद यात्रा महाडमध्ये होती. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना १५ ऑगस्टच्या भाषणात स्वातंत्र्याला किती वर्षं झाली हे विचारून घ्यावं लागलं, आपण तिथे असतो तर कानाखाली लगावली असती, अशा अर्थाचं ते पत्रकारांशी बोलले. पुढचं तुम्हाला आठवत असेल. ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते रस्त्यावर आले, दुसऱ्या दिवशी राणेंना संगमेश्वरला अटक झाली आणि रात्री उशिरा महाडच्या न्यायालयातून जामीन मिळाला. वाहिन्यांवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं.

आता महाड म्हणजे कुठलं महाड? बरोबर महिन्याभरापूर्वी, २२ जुलैला, ह्याच महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. त्याच पावसात सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं, तिकडे चिपळूण बुडालं होतं. आणि राणे त्या वेळी खातं सांभाळत होते सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचं. बुडालेल्या बाजारपेठेत छोट्या उद्योगांचा केंद्रीय मंत्री उभा आहे! त्याला विचारायचे प्रश्न पोरालाही सुचतील: दुकानदारांच्या कर्जाचं काय, विम्याच्या दाव्यांचं काय, तळियेच्या लोकांना घरं कधी? आणि हेच प्रश्न तितक्याच जोराने राज्य सरकारलाही विचारायचे होते, कारण पंचनामे त्यांचे, मदत त्यांची. आमच्याकडे त्या दिवशी महाडहून व्यापाऱ्यांच्या नुकसानीची एक चांगली बातमी आली होती. वार्ताहराने दुकानं फिरून लिहिली होती. ती लागली नाही. उद्या घेऊ म्हणालो, आणि उद्या अटक झाली. 'कानाखाली' ह्या एका शब्दाने दोन्ही सरकारांची उत्तर देण्यातून सुटका केली. आणि ती करून देणाऱ्यांत मीही होतो.

तुम्ही विचारता, दाखवतातच कशाला? त्याचं सोपं उत्तर टीआरपी. ते खरं आहे, पण अर्धंच. दर गुरुवारी आकडे येतात, त्यांचा धाक प्रत्येक वाहिनीत असतो. पण आकड्यांच्या आधी खर्च येतो. नेत्याच्या बंगल्याच्या फाटकापाशी बूम, म्हणजे वाहिनीचा माईक, घेऊन उभा राहिलेला वार्ताहर दहा मिनिटांत बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची दोन वाक्यं, आणतो. तळियेच्या पुनर्वसनाची बातमी आणायला गाडी लागते, कॅमेरामन लागतो, दोन दिवस लागतात, तहसील कचेरीत कागद काढावे लागतात, आणि एवढं करून ती अडीच मिनिटं चालते. शिवीचा बाईट मात्र स्वतःच पुढच्या बातम्या जन्माला घालतो. सकाळी दहाला हा बोलला. अकराला त्याची प्रतिक्रिया, बाराला ह्याच्या प्रवक्त्याचं प्रत्युत्तर, दुपारी एखाद्या चौकात पुतळा किंवा जोडे, संध्याकाळी पाच खिडक्यांची चर्चा. एका शब्दावर अख्खा दिवस भरतो, आणि पैसे जवळजवळ लागतच नाहीत. ज्या वाहिनीत माणसं कमी आणि चोवीस तास भरायचे असतात, तिथे हा मोह मालकापासून शिकाऊ पोरापर्यंत सगळ्यांना होतो. नेत्यांना हे गणित आपल्याइतकंच पाठ आहे. धोरणावर पंधरा मिनिटं बोललं तर त्यातलं काही लागत नाही, शेवटी एक शब्द टाकला तर तेवढाच लागतो, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही.

ह्या साखळीत सगळ्यात वाईट कडी कुठली, तर 'प्रतिक्रिया' घेण्याची. ते मला फार महागात पडून कळलं. मी तालुक्याला असताना पंचायत समितीच्या निवडणुकीत एका पुढाऱ्याने कोपरा सभेत दुसऱ्याच्या आईवरून काही तरी म्हटलं. सभेला शंभरेक माणसं असतील. मी रात्री दुसऱ्याला फोन लावला आणि तो शब्द त्याला जसाच्या तसा ऐकवला: "ते तुम्हाला असं म्हणाले, तुमचं काय म्हणणं?" त्याला तोवर काहीच माहीत नव्हतं. त्याने दुप्पट घाण उत्तर दिलं आणि मी दोन्ही छापलं. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर दोन्हीकडची पोरं भिडली. एकाचं डोकं फुटलं. त्या पोराचा ना त्या शब्दाशी संबंध होता ना त्या निवडणुकीशी. गावात एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालून भांडण लावणाऱ्याला काड्या घालणारा म्हणतात. मी तेच केलं होतं, फक्त माझ्या खिशात ओळखपत्र होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: आरोपावर प्रतिक्रिया घ्यायची, शब्दावर घ्यायची नाही. "तुमच्या काळात बंधाऱ्याच्या कामात पैसे खाल्ले असं ते म्हणतात," हे विचारणं माझं कर्तव्यच आहे. "त्यांनी तुम्हाला अमुक प्राणी म्हटलं," हे विचारणं पत्रकारितेत बसत नाही.

हा आरोपाचा आणि शब्दाचा फरक मुलांना नक्की सांगा, कारण 'खोके' त्याच सीमेवर आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी शिंदे गटाच्या आमदारांविरुद्ध ती घोषणा दिली आणि आठवड्याभरात ती लग्नाच्या वरातीपर्यंत पोचली. मुळात तो आरोप आहे, आणि फार गंभीर: पैसे घेऊन पक्ष बदलला. आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायला हवा, ज्याच्यावर झाला त्याने उत्तर द्यायला हवं, आणि पत्रकाराने दोघांना धरून बसवायला हवं. यमक जुळलं आणि ती तिन्ही कामं थांबली. घोषणेला पुरावा कुणी मागत नाही आणि टोमण्याला उत्तर कुणी देत नाही. मग समोरच्यांनीही तसंच काही तरी जुळवून परत केलं, आणि पक्षांतराच्या कायद्याचा, दहाव्या अनुसूचीचा जो अवघड विषय लोकांना समजावून सांगायला हवा होता तो तसाच राहिला.

आता 'पूर्वी असं होतं का'. हो, होतं. पूर्वीची मराठी सार्वजनिक भाषा सोज्ज्वळ होती असं कुणी सांगितलं तर मानू नका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निबंधमालेत लोकहितवादींची आणि जोतीराव फुल्यांची जी कुचेष्टा केली, त्यात आज बीप करावा असा शब्द क्वचित सापडेल, पण एखाद्या माणसाला त्याच्या व्याकरणावरून आणि जातीवरून हिणवणं म्हणजे काय हे तिथे दिसतं. शुद्ध भाषेतही माणसाचा अपमान किती खोलवर करता येतो, त्याचा तो पुरावा आहे. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत निघाला, आणि मोरारजी देसाई, स. का. पाटील यांच्यावर त्यात जे बरसलं ते आजच्या कुठल्याही संपादकाला छापायला जड जाईल. बाळासाहेब ठाकरे शरद पवारांना जाहीर सभेत 'मैद्याचं पोतं' म्हणायचे, आणि तरीही दोन्ही घरांचं जाणंयेणं होतं, हे पवारांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे.

मग फरक काय पडला? माझ्या अनुभवातून दोन गोष्टी दिसतात. अत्र्यांचा अग्रलेख वाचायला बसलात तर तुम्हाला शिवीबरोबर मुंबई कुणाची, गिरणी कामगार कुठल्या भाषेचा, द्वैभाषिक राज्य का नको, हे सगळं वाचावंच लागे. शिवी लेखाच्या आत होती. आता लेख बाहेर टाकून फक्त शिवी कापून पाठवता येते. सतरा सेकंदांची क्लिप, वर लाल पट्टी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुष्कळदा पुढे पाठवल्याची दोन बाणांची खूण. दुसरं म्हणजे ऐकणारा. शिवाजी पार्कवरचं 'मैद्याचं पोतं' तिथल्या गर्दीसमोर म्हटलं जायचं आणि गर्दीला त्या दोघांचं नातं माहीत असायचं. आज तोच शब्द गडचिरोलीतल्या आणि चंदगडच्या पोराच्या मोबाइलवर एकाच मिनिटाला पोचतो. त्या दोघांनी रात्री एकत्र जेवण केलं तर ते त्याला कळत नाही. तो मात्र शेजारच्या पोराशी बोलणं टाकतो. म्हणून 'वरती सगळे एकच असतात' ही गोष्ट मला कधी दिलासा देत नाही. खाली डोकी फुटतात.

बरं, शिवी कशाला म्हणायचं? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि सरसकट नियम करणाऱ्याला मराठी माहीत नाही असं मी म्हणेन. मालवणात जिव्हाळ्याच्या माणसाला शिवी दिल्याशिवाय हाक पुरी होत नाही. कोल्हापूरकडे रांगडं बोलणं हे आपलेपणाचं लक्षण आहे. गावच्या सभेत एखादा नेता तसं बोलला आणि समोरचे हसले, तर मी त्याची बातमी करत नाही. उलट मराठीत माणसाला खाली आणायला शिवी लागतच नाही. 'ते' म्हणायचं तिथे 'तो' म्हटलं की काम झालं. ज्याला काल साहेब म्हणत होतो त्याला आज भर सभेत अरेतुरे करायचं, बाईमाणसाचा नुसत्या नावाने एकेरी उल्लेख करायचा, कुणाचा बाप काढायचा: ह्यात बीप लावायला एकही शब्द नसतो आणि अपमान पुरा होतो. आमच्या डेस्कवर म्हणून ठरवून घेतलं आहे, की नेता एकेरी बोलला तर अवतरणात ते तसंच राहील, पण आमच्या वाक्यात प्रत्येक जण 'ते' किंवा 'त्या'. पक्ष कुठलाही असो, आरोपी असो नाही तर मंत्री.

आणि आमच्या शीर्षकांचं काय? नेता मोजून मापून बोललेला असतो, तरी वर आम्ही लिहितो: डिवचलं, सुनावलं, घणाघात, हल्लाबोल, लायकी काढली. शांत माणसाच्या तोंडी भांडण आम्ही घालतो. ह्यातला मला सगळ्यात नको असलेला शब्दप्रयोग म्हणजे 'जीभ घसरली'. घसरणं अपघाताने होतं. जो शब्द टाळीसाठी थांबून, मान वळवून, दोनदा म्हटला जातो तो घसरलेला नसतो. 'जीभ घसरली' असं लिहिलं की बोलणाऱ्याची जबाबदारी आपणच पुसून टाकतो. मी नव्या मुलांना सांगतो, 'म्हणाले' हे क्रियापद घ्या. कंटाळवाणं वाटेल, पण खोटं नाही.

मग शब्द छापायचाच नाही का? कधी कधी छापावाच लागतो. एप्रिल २०१३ मध्ये राज्य दुष्काळात होरपळत होतं. सोलापूरसाठी उजनी धरणाचं पाणी मागत आझाद मैदानावर उपोषण चाललं होतं. त्याबद्दल तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत, धरणात पाणीच नाही तर काय लघवी करायची का, अशा अर्थाचं जे बोलले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. तिथे तो शब्द झाकला असता तर वाचकावर अन्याय झाला असता. कारण तो प्रतिस्पर्धी पक्षासाठी नव्हता. सत्तेत बसलेला माणूस पाणी मागणाऱ्या माणसाबद्दल काय बोलतो, ही बातमीच होती. आणि बघा, त्या वेळी शब्दाने प्रश्न मारला नाही, वाढवला. पाण्याची चर्चा पेटली. पवारांनी जाहीर माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी एक दिवस आत्मक्लेश केला. म्हणून मी आधी हेच पाहतो, की कोण कुणाला बोललं. वरचा खालच्याला बोलला तर शब्द बहुधा छापतो. दोन बरोबरीचे पुढारी एकमेकांना बोलले तर, गुन्हा किंवा निलंबन असा काही परिणाम झाला असेल तरच, एकदा, मजकुरात खाली, शीर्षकात नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र मी हात आखडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे मंत्री अब्दुल सत्तार सुप्रिया सुळे यांच्याबद्दल बोलले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या प्रचारात, ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी शिंदे गटाच्या उमेदवार शायना एन. सी. यांच्याबद्दल वापरलेल्या शब्दावरून गुन्हा दाखल झाला. पक्ष वेगळे, बाजू वेगळ्या, नंतर खेद दोघांनीही व्यक्त केला. पण दोन्ही वेळा ती बाई काय म्हणत होती, तिचा मुद्दा काय होता, हे आठवणारा माणूस मला सापडला नाही. सगळ्यांना तो शब्दच आठवतो. बाईबद्दलची शिवी पुन्हा पुन्हा ऐकवणं म्हणजे ती पुन्हा पुन्हा देणंच आहे. आम्ही अशा वेळी घटना देतो, कारवाई देतो, शब्द देत नाही, आणि तिची प्रतिक्रिया घेतलीच तर सुरुवात तिच्या मूळ मुद्द्यापासून करतो. जातीवाचक शब्दांनाही हेच लागू.

तुमच्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे: शिवीचा फायदा बऱ्याचदा खाणाऱ्याला होतो. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरातची निवडणूक ऐन रंगात असताना काँग्रेसचे मणिशंकर अय्यर पंतप्रधानांना उद्देशून 'नीच' म्हणाले. काँग्रेसने त्यांना त्याच दिवशी निलंबित केलं, पण भाजपला प्रचाराला विषय मिळाला होता. एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकात काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी पंतप्रधानांना विषारी सापाची उपमा दिली, आणि दोनच दिवसांत हुमनाबादच्या सभेत नरेंद्र मोदी म्हणाले, काँग्रेसने मला आजवर एक्क्याण्णव वेळा शिव्या दिल्या. शिव्यांची मोजदाद हाच प्रचार झाला. देणारा टाळ्या घेतो, खाणारा सहानुभूती घेतो, वाहिनी दिवस भरून घेते. ज्याला काहीच मिळत नाही तो बसलेला असतो टीव्हीसमोर.

कायद्याबद्दल विचारलंत. कायदे भरपूर आहेत, कमतरता त्यांची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ३५६ मध्ये बदनामी आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शांतता भंगेल अशा हेतूने अपमान करणं ३५२ मध्ये येतं, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान ७९ मध्ये. लोकांसमोर जातिवाचक शिवीगाळ झाली तर अ‍ॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा आहे. उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान केलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. आदर्श आचारसंहिता तर अगदी सुरुवातीलाच सांगते, की टीका धोरणं, कार्यक्रम, मागचं काम यांवर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर नको. एप्रिल २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना बहात्तर तास, मायावती आणि मनेका गांधी यांना अठ्ठेचाळीस तास प्रचारबंदी केली होती. म्हणजे मनात आणलं तर होतं.

तरीही ह्या रोगावर कायद्याचा उतारा चालेल असं मला वाटत नाही. प्रत्यक्षात गुन्हा दाखल करण्यालाही पक्षाचा रंग लागतो. सत्तेतल्या पक्षाच्या नेत्याला कुणी बोललं तर चार जिल्ह्यांत तक्रारी होतात, उलट झालं तर पोलीस अर्ज घेऊन ठेवतात. आणि प्रत्येक गुन्हा हीच पुन्हा एक बातमी. शिवाय कडक कायदा आधी कुणावर चालेल? मंत्र्याला झोंबणारं लिहिणाऱ्या वार्ताहरावर आणि व्यंगचित्रकारावर. हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून आणखी कायदा मागायला माझी जीभ रेटत नाही.

सभागृहाचं तर वेगळंच. १ जुलै २०२४ ला विधान परिषदेत तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी भाजपचे प्रसाद लाड यांना शिवीगाळ केली. निमित्त होतं दिल्लीत लोकसभेत झालेल्या राहुल गांधींच्या भाषणाचं. दानवेंचं पाच दिवसांसाठी निलंबन झालं, त्यांनी दिलगिरी व्यक्त केल्यावर ते तीन दिवसांवर आलं. आता त्याच अधिवेशनात, तीनच दिवस आधी, अर्थसंकल्पात वर्षाला ४६ हजार कोटींची लाडकी बहीण योजना जाहीर झाली होती. पैसे कुठून येणार, कुठल्या खात्याचे कमी होणार, अपात्र कोण ठरणार, हे प्रश्न वरिष्ठ सभागृहात विचारायचे नाहीत तर कुठे विचारायचे? सभापतींनी एखादा शब्द कामकाजातून काढला की तो छापणं हा हक्कभंग ठरू शकतो. पण कामकाज थेट दिसत असतं, शब्द आधीच फोनवर पोचलेला असतो. नोंदीतून शब्द काढता येतो, त्यात गेलेला वेळ सभागृहाला परत मिळत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे. एखाद्या वाहिनीने फारच हद्द ओलांडली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. कार्यक्रम, तारीख, वेळ नीट द्या. पंधरा दिवसांत उत्तर देणं नियमाने बंधनकारक आहे, समाधान नाही झालं तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. दैनिकाबद्दल असेल तर आधी संपादकांना पत्र, मग प्रेस कौन्सिल. निवडणुकीच्या काळात तक्रारीसाठी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अ‍ॅप आहे. पण मी आतून सांगतो, आम्हाला हलवणारं पत्र "तुम्ही शिव्या का दाखवता" हे नसतं. अशी पत्रं येतात आणि बाजूला पडतात. "मंगळवारी तुम्ही पाणीपुरवठा मंत्र्यांना टँकरबद्दल विचारलं, त्यांनी विरोधकांवर तोंडसुख घेतलं, मग तुम्ही तो प्रश्न पुन्हा का विचारला नाही?" असं एक पत्र आलं तर बैठकीत वाचलं जातं. कारण त्याला उत्तर नसतं. तो प्रश्न पुन्हा विचारणं हेच आमचं काम होतं.

आणि वर्गासाठी एक सुचवतो. मी नव्या वार्ताहरांकडून पहिल्या आठवड्यात हे करून घेतो, नववीच्या मुलांना सहज जमेल. एका आठवड्याची वर्तमानपत्रं घ्या. पक्षांच्या भांडणाच्या बातम्या कापा. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात लिहायचं: भांडण सुरू होण्याआधी विषय कोणता होता? दुसऱ्यात: कोण काय बोललं? शब्द वाईट असेल तर नुसती फुली. तिसऱ्यात: पहिल्या रकान्यातल्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं का? दिलं असेल तर काय? मुलं स्वतःच वाद घालतील, की अमुक आरोप होता की शिवी होती. घालू द्या, त्यात त्यांची मराठी सुधारेल. मग तुमची पाण्याची स्पर्धा पुन्हा घ्या आणि एकच नियम ठेवा: बोलायला उभ्या राहिलेल्याने आधी समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचा, मग खोडायचा.

माझ्याकडच्या पोरांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिसरा रकाना जवळजवळ कोराच राहिला होता, आणि त्यातल्या निम्म्या बातम्या आमच्याच होत्या. तुमच्या वर्गाचा कसा निघतो ते जरूर कळवा. कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांची यादीही पाठवा. त्यातले आमच्या जिल्ह्याचे असतील ते मी वार्ताहरांना वाटून देईन.